आई-बाबांकडे राहिलेला चावरा बोका

सुट्टीत ठाण्याला आलात, सोसायटीच्या पार्किंगमधला जखमी बोका घरात आणलात, औषधपाणी केलंत आणि परत परदेशी गेलात. आता व्हिडिओ कॉलवर आईच्या मनगटावरचे ओरखडे दिसतात आणि बाबा म्हणतात, ‘हा सोफ्यावर मुततो, काय ते ठरव.’ ठेवायचा, द्यायचा की तिकडे न्यायचा हा नंतरचा प्रश्न. आधी आई-बाबांच्या गोळ्यांची यादी बघा. मधुमेह असेल, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मांजराचा चावा किरकोळ समजू नका. सुळे सुईसारखे खोल जातात, वरचं भोक लगेच मिटतं आणि आत पू धरतो. दुसऱ्या दिवशी बोट वाकत नाही.

चावा बसला की साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं, हळद भरायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते; त्वचेत देतात ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनचंही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) विचारा. रेबीजची लक्षणं दिसतात का म्हणून बोक्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण ते दहा दिवस संपायची वाट बघत लस थांबवायची नाही.

मग बोक्याचं दुखणं. सडका दात, पिकलेला कान, जुनं फ्रॅक्चर असलेलं जनावर हात लावला की चावणारच, त्यात स्वभावाचा दोष नाही. तपासणी जवळच्या पशुवैद्याकडे होते. मोठं काही निघालं तर ठाणेकर पूर्वापार परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठतात. एक गोष्ट आईला फोनवर दोनदा सांगा: बोका पुन्हा पुन्हा मुतायला बसतो, कण्हतो आणि थेंबही येत नाही, तर ती रात्र काढायची नाही. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो. आणि घरातली क्रोसिन त्याला कधीही नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

आता सोफा. बोका कसा मुततो ते बघायला सांगा. उभ्याने, शेपूट ताठ आणि थरथरती, भिंतीवर किंवा सोफ्याच्या पाठीवर फवारा, तर ती हद्द आखणं आहे. नसबंदी केली की बहुतेक बोक्यांचं हे सुटतं, पण शस्त्रक्रियेनंतर चार-सहा आठवडे धीर धरावा लागतो. बसून थारोळं केलं असेल तर दोष एक तर दुखण्याचा, नाही तर त्याच्या शी-शूच्या घमेल्याचा. दुकानातला ट्रे मोठ्या बोक्याला बहुधा लहान पडतो. बोक्याच्या लांबीच्या दीडपट घमेलं घ्या, त्यात मांजरासाठीच्या वाळूचा (कॅट लिटर) 5 ते 7 सेंटिमीटर थर, दिवसातून दोनदा उपसणं, आणि जागा वॉशिंग मशीनच्या शेजारची नको. मशीन एकदा धडधडलं की बोका तिथे पाऊल टाकत नाही.

आणि फिनाईल. आपल्याकडे मुताचा वास आला की बादलीत पहिलं फिनाईल पडतं. मांजर त्यावरून चालतं, पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. शिवाय वास आपल्याला गेलासा वाटतो, त्याच्या नाकाला जात नाही, म्हणून तो पुन्हा तिथेच येतो. मुतावरचा एन्झाइम क्लीनर ऑनलाइन मागवून द्या. तेवढं तर तिकडे बसूनही होतं.

प्रत्येक चाव्याची वेळ लिहून ठेवायला सांगा. संध्याकाळी खिडकीशी बसलेला असताना आईच्या पोटरीला चावतो? मग खाली कंपाउंडमध्ये दुसरा बोका फिरत असणार. त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून राग जवळच्या पायावर निघतो. काचेच्या खालच्या दोन फुटांवर धूसर कागद चिकटवा. कुरवाळताना चावत असेल तर आधी शेपटीचं टोक हलतं, पाठीची कातडी थरथरते. तिथेच हात काढायचा. बाल्कनीतली कबुतरांची नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं. घोडबंदर रोडच्या पंधराव्या मजल्यावर तिचा भरवसा धरू नका, तारेची लावून घ्या.

दूध-पोळीवर ठेवला असेल तर तेही बदला. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांस-मासळीतून येतं. दुधाने जुलाब होतात.

हे सगळं सहा आठवडे. तरीही माणूस दिसताच कपाटामागे जात असेल, फक्त रात्री खात असेल, तर तो वाढला माणसांपासून लांब आणि आता मांडीवर येणार नाही. नसबंदी, लस, कानाचं टोक कापून नसबंदी झाल्याची खूण, आणि जिथून उचलला त्याच कंपाउंडमध्ये, रोज खाऊ घालणारा माणूस ठरवून, परत. ‘येऊरच्या जंगलात सोडून या’ म्हणणारे शेजारी भेटतीलच. तिथे बिबटे आहेत, आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी प्राणी सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. माणसाळलेला, पण फक्त आई-बाबांना न झेपणारा असेल तर दुसरं घर शोधा. चावल्याचा इतिहास लपवून देऊ नका. आठवड्यात परत येतो.

तिकडे न्यायचा विचार असेल तर आधी देश बघा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड भारतातून थेट मांजर घेत नाहीत. ब्रिटन आणि युरोपीय संघासाठी मायक्रोचिप, रेबीजची लस, त्यानंतर किमान 30 दिवसांनी रक्ताची चाचणी, प्रतिपिंडं 0.5 आययू प्रति मिली किंवा जास्त, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. ब्रिटनला तर मांजर विमानात तुमच्याजवळ नसतं, कार्गोनेच जातं. आज लस देणार असाल तर चिप आधी बसवून घ्या. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.