गरीब देशांत मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी परदेशी डॉक्टरांची शिबिरं पुरेशी आहेत का?

नाहीत. मोतीबिंदूची शिबिरं चालतात, तशी डॉक्टरांनी काही दिवस येऊन मेंदूच्या शस्त्रक्रिया करून जायचीही चालतील, असं तुम्ही म्हणता. पण मोतीबिंदूत एकदा शस्त्रक्रिया झाली की बहुतेकांचं काम भागतं. मेंदूचं तसं नाही. मी लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात नर्स आहे, म्हणून डोक्यात पाणी झालेल्या बाळांबद्दलच सांगते.

अशा बाळाची टाळू फुगते, डोकं वाढत जातं, नजर खाली वळते. मग डोक्यातलं पाणी पोटात उतरवायला कातडीखालून बारीक नळी घालतात, तो शंट. तो पुढे कधीही तुंबू शकतो. घरी सोडताना आम्ही प्रत्येक आईचं बोट टाळूवर ठेवून दाखवतो: बाळ शांत असताना, उभं धरून बघायचं. टाळू टणक लागली, उलट्या सुरू झाल्या, बाळ सुस्त पडलं, तर सकाळची वाट बघायची नाही. आमच्याकडे रात्रीही न्यूरोसर्जन असतो, म्हणून हे सांगण्यात अर्थ आहे. जिथे तो शेकडो किलोमीटर लांब आहे, तिथल्या आईने काय करायचं?

युगांडातल्या म्बालेत याच प्रश्नावर काम झालं. अमेरिकन न्यूरोसर्जन बेंजामिन वॉर्फ २००० साली तिथे राहायलाच गेले. त्यांची पद्धत अशी: दुर्बिणीने मेंदूच्या आतच पाण्याला वाट करायची आणि पाणी तयार करणारा भाग जाळायचा, म्हणजे बऱ्याच बाळांना नळी लागतच नाही. वर्षाच्या आतल्या बाळांत नुसती वाट करून ४७ टक्के यश येत होतं, दोन्ही केल्यावर ६६ टक्के. २०१७ साली तिथल्याच १०० बाळांच्या चाचणीचे निष्कर्ष आले: वर्षभरानंतर बौद्धिक वाढीत शंटवाली आणि दुर्बिणीवाली बाळं सारखीच. शंट लागलाच तर आपल्या उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट होता, साधारण ३५ डॉलरचा. ६५० डॉलरच्या परदेशी शंटशी तुलना केली, निकालात फरक दिसला नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही, की डॉ. जॉन मुगांबांसारखे युगांडाचेच सर्जन तिथे हे काम करू लागले.

आणि तिथल्या निम्म्याहून जास्त बाळांना हा आजार जंतुसंसर्गातून होतो. म्हणजे नवजात बाळाचा ताप वेळेत ओळखणारी गावातली नर्सही तितकीच हवी. तुम्ही देणगी देणार असाल तर संस्थेला आधी एवढंच विचारा: सहा महिन्यांनी शंट तुंबला तर या बाळाला कोण बघणार, आणि कुठे?