बंबावरचे मास्तर

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका छोट्या शहरात राहते. मी तिच्याकडे असताना एका रात्री कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म वाजला. फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा, बाहेरचा पाइप बर्फाने बुजला होता. 911 या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन केल्यावर बंब आला, आणि उतरलेल्यांत नातवाच्या शाळेतले मास्तर! हे लोक पगारी की हौशी? बिल येतं का? त्यांची झोपमोड केली म्हणून काही द्यावं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : काकू, ते मास्तर खरेच, आणि फायरमनही खरेच. इकडे याला ‘पेड ऑन कॉल’ म्हणतात. महिन्याचा पगार नाही. पेजर वाजला आणि आपण गेलो, तर तेवढ्या तासांचे पैसे, सरावाचेही मिळतात. चोवीस तास पगारी माणसं बसवून ठेवणं छोट्या शहरांना झेपत नाही. मी स्वतः मिनिआपोलिसच्या पश्चिमेला अशाच एका शहरात हे काम करते. दिवसा एका दवाखान्यात बिलं काढते. आमच्या दलात एक प्लंबर आहे, एक बँकेतली बाई आहे. तासाचा दर ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, “एवढ्यासाठी अंथरुणातून उठतेस?”

पण हौशी म्हणू नका हं. नोकरी सांभाळून कित्येक महिने संध्याकाळचे वर्ग, मग लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, शिवाय प्रथमोपचाराचं वेगळं प्रशिक्षण. निम्म्याहून जास्त कॉल आगीचे नसतातच. कुणी पडलंय, कुणाच्या छातीत दुखतंय, कुठे गाडी घसरलीय.

पेजर वाजला की आपल्याच गाडीने स्टेशन गाठायचं. तिथे प्रत्येकाची पँट बुटांवर गुंडाळून ठेवलेली असते; पाय बुटात घालायचे आणि पँट वर ओढायची. तुमच्यासारख्या कॉलला एकजण घरच्यांना मोजून बाहेर उभं करतो, दुसरा हातात मीटर घेऊन दारापासून एकेका खोलीत जातो. आकडा 35 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे 35 भाग) वर गेला की आम्ही मास्क चढवतो. म्हणून अलार्म वाजल्यावर खिडक्या उघडत बसू नका, आधी बाहेर पडा. घर हवेशीर केलंत तर वायू कुठून येतोय ते आम्हाला शोधता येत नाही. आणि मुलीला सांगा, फर्नेसच्या पाइपाभोवतीचा बर्फ दर वादळानंतर उपसायचा. मिनेसोटाच्या कायद्यानुसार हा अलार्म झोपायच्या प्रत्येक खोलीपासून दहा फुटांच्या आत हवा, तेही एकदा मोजून घ्या.

बिलाचं म्हणाल तर आमच्या शहरात बंब आल्याचे पैसे रहिवाशाकडून घेत नाहीत. मालमत्ता करातून ते आधीच दिलेले असतात. अँब्युलन्सचं बिल मात्र येतं, आणि चांगलं जाड येतं. त्या धास्तीने आपली मंडळी आधी नवऱ्याला, मग मैत्रिणीला फोन लावतात आणि 911 ला सगळ्यात शेवटी. त्याचा मला खरंच राग येतो.

बंब येण्याआधीच या लोकांचा उपयोग करून घ्या. पुष्कळ दलं म्हाताऱ्या माणसांच्या घरी येऊन धुराचा अलार्म बसवून देतात (तो दहा वर्षांनी बदलावाच लागतो, बॅटरी नवी असली तरी). नातवंडाची कारसीट नीट बसलीय का, तेही काही ठिकाणी तपासून मिळतं; आमच्याकडे आलेल्यांतल्या बऱ्याच सीटा ढिल्या निघतात. 1871 च्या शिकागोच्या आगीची आठवण म्हणून ऑक्टोबरात अग्निप्रतिबंधक सप्ताह असतो. त्या सुमारास स्टेशन सगळ्यांना खुलं असतं, पोरांना बंबात बसू देतात. नातवाला न्याच.

द्यायचं म्हणाल तर पैसे नकोत. बेसनाचे लाडू चालतील. काजू-बदाम घातले असतील तर डब्यावर तसं लिहा, कुणाला ना कुणाला अॅलर्जी असते. फक्त दुपारी जाऊ नका, स्टेशनला कुलूप असतं. मास्तरांनाच विचारा सरावाची संध्याकाळ कोणती; तेव्हा सगळे भुकेलेलेच असतात.