वाचकांचे प्रश्न : ताण, स्वभाव आणि संगोपन

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ एकाच घरात वाढलो. कामात कितीही गोंधळ झाला तरी धाकटा जेवून ढाराढूर झोपतो. मला मात्र साहेबांचा साधा फोन आला तरी रात्रभर डोळा लागत नाही. संगोपन एकच असताना इतका फरक कसा?

उत्तर : घर एक असलं तरी दोघांना मिळालेलं संगोपन एक नसतं. थोरल्याच्या वेळी आईवडील नवखे असतात, धाकट्याच्या वेळी सरावलेले. शिवाय चटकन रडणाऱ्या मुलाशी आणि हसऱ्या मुलाशी तेच आईवडील वेगळं वागतात.

त्याच्याही आधी येतो जन्मजात स्वभाव. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी अवघ्या ४ महिन्यांच्या बाळांना हलती खेळणी, अनोळखी आवाज आणि वास देऊन पाहिलं. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडू लागलं. पुढे बुजरी आणि चिंताळू होण्याचं प्रमाण याच बाळांत जास्त निघालं. पण सगळी तशी झाली नाहीत. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार चिंतेकडे कल असणं किंवा नसणं, या माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण ४० टक्के भाग आनुवंशिक असतो. हा आकडा लोकसमूहाचा आहे. ‘माझा ४० टक्के ताण वडिलांकडून आला’ असा हिशोब त्यावरून मांडता येत नाही.

दचकणं तुम्हा दोघांत थोडंफार कमीजास्त असेल, पण खरा फरक बहुधा सावरायला लागणाऱ्या वेळात आहे. फोन येताच काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन हे शरीराला सज्ज करणारं संप्रेरक वाढतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक सावकाश चढतं, साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखर गाठतं आणि प्रसंग संपला असेल तर आपोआप उतरू लागतं. तुमच्या डोक्यात तो फोन रात्रभर चालूच राहतो, त्यामुळे शरीराच्या लेखी प्रसंग संपलेलाच नसतो.

फोन झाल्यावर कागदाचे दोन भाग करा. डावीकडे साहेब जे शब्द बोलले तेवढेच लिहा, उजवीकडे त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ. डावीकडे दीड ओळ आणि उजवीकडे अख्खं पान, असं बऱ्याचदा होतं. दुसरं म्हणजे काळजी करायला संध्याकाळची १५-२० मिनिटं ठरवून द्या. दिवसभरात मनात येईल ते टिपून ठेवा आणि त्या वेळी बघा. ही वेळ झोपेला चिकटून ठेवली की उपाय फसतो, जेवणाआधीची बरी. अंथरुणात २० मिनिटांच्या आसपास झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. ‘विचार करायचाच नाही’ असं मनाला बजावू नका, त्याने विचार वाढतात.

प्रश्न : मुलगी १० वर्षांची आहे. वर्गात उभं राहून बोलायचं असलं की सकाळी तिच्या पोटात दुखतं. मी तिला घरी ठेवते. तिचे वडील म्हणतात, लाडावून ठेवली आहेस, ढकलून पाठव. कोणाचं बरोबर?

उत्तर : पोट एकदा डॉक्टरांना दाखवा. तपासणीत काही निघालं नाही तरी ती ढोंग करते असं होत नाही. ताणाने आतड्यांची हालचाल बदलते आणि पोट खरोखर दुखतं.

घरी राहिली की १० मिनिटांत दुखणं ओसरतं, आणि सुटका झाली म्हणून बरं वाटलं हे तिच्या मनात पक्कं बसतं. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. उलट, ढकलून पाठवलं तर ती एकटी पडते आणि तिथून सुटायची वाट शोधते. वडिलांना तिची भीती दिसत नाही, तुम्हाला तिची कुवत दिसत नाही. दोघांनी मिळून एकच वाक्य बोलायचं : “तुला भीती वाटतेय हे आम्हाला कळतंय, आणि तू हे निभावशील याची आम्हाला खात्री आहे.” वाक्याचा कुठलाही अर्धा भाग एकटा उपयोगाचा नाही.

आठवडाभर स्वतःचं निरीक्षण करा. तिच्या वतीने बाईंना चिठ्ठी कितीदा दिली? पाहुण्यांना उत्तर तिने दिलं की तुम्ही? “काही होणार नाही ना?” याला दिवसात किती वेळा “नाही गं” म्हणालात? यातली एकच सवय निवडा आणि ती सोडणार असल्याचं तिला निवांत वेळी आधीच सांगा. ऐन सकाळी दारात नाही. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांच्या गटाने ७ ते १४ वर्षांच्या चिंताग्रस्त मुलांच्या फक्त पालकांना असं शिकवलं. मुलांवर थेट उपचार केल्याइतकाच त्याचा उपयोग झाला.

मग पायऱ्या आखा. प्रत्येक पायरीला तिनेच ० ते १० पैकी भीतीचे गुण द्यायचे. तुम्हाला एक परिच्छेद वाचून दाखवणं ३, दोन मैत्रिणींसमोर ४, रिकाम्या वर्गात फक्त बाईंसमोर ५, जागेवरून एक वाक्य ६, पुढे उभं राहून दोन मिनिटं ९. सुरुवात ३-४ वरून करा. एकेक पायरी चार-पाच वेळा होऊ द्या, गुण निम्म्यावर आले की वर सरका. बाईंना आधी विश्वासात घ्या, नाहीतर तुम्ही तिसऱ्या पायरीवर असताना त्या तिला थेट पाचव्या पायरीवर उभं करतील.

बहुतेक घरांत हे पहिल्या आठवड्यातच मोडतं. चिठ्ठी देणं, तिच्या वतीने बोलणं अशी सवलत काढली की रडणं सुरुवातीला वाढतं. तिसऱ्या दिवशी आईचं मन पाघळतं आणि जास्त रडलं की जमतं, एवढंच मूल शिकतं. म्हणून सुरुवातीला सवलत अशी निवडा जी तुम्ही दोघं नक्की बंद ठेवू शकाल, छोटी असली तरी चालेल. शाबासकी “छान बोललीस” अशी नको. “हात थरथरत होते तरी वाक्य पुरं केलंस” अशी द्या. पुढच्या वेळी बोलणं फसलं तरी ती तिच्याकडे राहते.

प्रश्न : माझं बालपण मार खाण्यात आणि भांडणं ऐकण्यात गेलं. आता कुणी आवाज चढवला की मी गोठते. हे आयुष्यभराचंच का? आणि माझ्या मुलावर मी ओरडते तेव्हा तेच पुन्हा घडतंय का?

उत्तर : धोका वाढतो हे खरं. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात बालपणीच्या आघातांचे प्रकार जितके जास्त, तितका पुढे नैराश्य, व्यसनं आणि हृदयविकाराचाही धोका जास्त दिसला. पण इंटरनेटवर या आघातांची प्रश्नावली भरून मिळणारा गुण एका व्यक्तीचं भविष्य सांगत नाही; खुद्द अँडा यांनीच पुढे तसा इशारा दिला. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. अतिशय खडतर परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश धडधाकट, कर्ती माणसं झाली. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला भरवशाचं निदान एक मोठं माणूस आलं होतं : आजी, मावशी, शिक्षक, कुणीही.

गोठल्यावर आधी श्वास सोडणं लांबवा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील इतकं. पाय जमिनीवर टेकवा आणि “मी दहा मिनिटांनी बोलते” हे वाक्य पाठ करून ठेवा. त्या क्षणी नवं वाक्य सुचत नाही.

मुलाचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत चांगल्या नात्यातही आई आणि बाळाचा सूर थोडाच वेळ जुळलेला असतो, तो पुन्हा पुन्हा चुकतो आणि पुन्हा जुळवला जातो. ओरडलात तर त्याच दिवशी सांगा : “मी ओरडले, ते चुकलं. तू घाबरलास ना?” पुढे “पण तूही...” जोडलंत की माफी वाया गेली. मात्र हात उचलणं थांबत नसेल, झोप किंवा कामं दोन आठवड्यांहून अधिक विस्कटली असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जीव द्यावासा वाटला तर त्याच दिवशी.

प्रश्न : मी ‘टाइप ए’ आहे, सतत घाईत. हृदयविकार ठरलेलाच का?

उत्तर : नाही. ‘टाइप ए’ म्हणजे सतत घाईत, महत्त्वाकांक्षी आणि चटकन चिडणारा स्वभाव, आणि अशा माणसांना हृदयविकार जास्त होतो ही कल्पना फ्रीडमन आणि रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी १९५९ साली मांडली, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांत घाई आणि महत्त्वाकांक्षा हृदयविकाराशी फारशा जोडता आल्या नाहीत. थोडाफार संबंध टिकला तो राग आणि मनातल्या वैरभावाचा. त्यामुळे घाईपेक्षा आठवड्यात कितीदा आणि कुणावर चिडता याची नोंद ठेवा, आणि रक्तदाब मोजून घ्या.