शाळेत स्मार्ट टीव्ही आलाय, पण मुलं नुसतीच बघत बसतात. शिकवताना त्याचा खरा उपयोग कसा करून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की लोकवर्गणीतून टीव्ही बसवला, व्हिडिओ लावला की वर्ग एकदम शांत होतो, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर कुणालाच धड काही सांगता येत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. माझ्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: पडदा सुरू करायच्या आधी मुलांकडून अंदाज वदवून घ्या. काय होईल, का होईल, हे त्यांनी वहीत लिहायचं आणि वर्गात बोलायचं. मग टीव्ही. एकदा ‘असंच होणार’ म्हणून हात वर केला की पुढे काय दिसतंय यात मुलाचा जीव अडकतो. अंदाज न बांधता पाहिलेला व्हिडिओ डोळ्यांसमोरून नुसता निघून जातो.

आठवीचा धाराविद्युतचा पाठ घ्या. दोन सेल, दोन बल्ब, एकसर जोडणी. कळ दाबायच्या आधी विचारायचं, कुठला बल्ब जास्त उजळ पेटेल? बहुतेक मुलं पहिल्या बल्बाकडे बोट दाखवतात. त्यांचं म्हणणं असं की वीज आधी त्याच्याकडे जाते, तो थोडी खाऊन टाकतो आणि उरलेली दुसऱ्याला मिळते. चुकीचं असलं तरी हे उत्तर विचार करून दिलेलं आहे, म्हणून ते फळ्यावर जसंच्या तसं लिहून ठेवायचं.

आता खरी जोडणी करा. गंमत अशी की दुकानातून आणलेले टॉर्चचे दोन बल्ब तंतोतंत सारखे पेटतीलच असं नाही. एक जरा मंद निघतो, आणि पहिल्या बल्बाच्या बाजूची मुलं लगेच ‘बघा, आम्ही म्हणत होतो!’ म्हणून ओरडतात. मग बल्बांच्या जागा बदला. मंद बल्ब पहिल्या जागेवर आला तरी मंदच राहतो. वर्गात कुजबुज सुरू होते. तारेच्या आत काय चाललंय हे आता मुलांना मनापासून हवं असतं, आणि ते फळाही दाखवू शकत नाही, सेल-बल्बही नाही. टीव्ही लावायची वेळ ही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ नावाची मोफत सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे प्रयोग, आहेत. कार्ल वीमन या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने 2002 मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्यातली बरीच मराठीतही आहेत. त्यात सर्किट जोडायचं एक आहे. तारेतून इलेक्ट्रॉन निळ्या गोळ्यांसारखे सरकताना दिसतात. एका मुलीला पुढे बोलवा, बल्बाच्या आधीचे आणि नंतरचे गोळे बघायला सांगा. वेग सारखाच. विद्युतधारा मोजणारा अमीटर दोन्हीकडे लावून बघा, आकडाही तोच. बल्बाने विद्युतधारा खाल्ली नाही, ऊर्जा घेतली, हे वाक्य मग एखादं मूल स्वतःच बोलतं. त्यासाठी पडदा फार तर दहा मिनिटं लागतो. बाकीचा तास वही, तार आणि बोलणं.

त्यामुळे टीव्ही लावायच्या आधी मी स्वतःला विचारते, हे मुलांना हाताने करता येईल का? त्रिकोणाच्या कोनांची बेरीज कागदाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी लावल्यावर जितकी पटते तितकी ॲनिमेशनने पटत नाही. पण कोपरे लावून झाले की ‘सगळ्याच त्रिकोणांत असं होतं का?’ असा प्रश्न येतो, आणि तिथे जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर कामाला येतं. शिरोबिंदू ओढत जा, कोन बदलत राहतात, बेरीज हलत नाही. चंद्राच्या कलांचंही तसंच. आधी पंधरा दिवस मुलांनी घरून चंद्र बघून वहीत काढायचा, ढग असले तर तसं लिहायचं. मग स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तेच पंधरा दिवस भराभर पुढे सरकवून दाखवायचे. स्वतः काढलेला चंद्र तिथे जुळतो की नाही हे मुलं वाकून वाकून बघतात.

भाषेसाठी तर टीव्हीही नको. साधा फोन घ्या आणि मुलाचं प्रकट वाचन रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवा. पूर्णविरामावर न थांबता आपण पुढे गेलो, जोडाक्षरापाशी अडखळलो, हे त्याला स्वतःलाच ऐकू येतं. आपण दहा वेळा टोकण्यापेक्षा ते बरं. पुन्हा रेकॉर्ड करायचं का, असं मुलंच विचारतात. रेकॉर्डिंग मात्र वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. मूल अडखळतंय हे अख्ख्या गावाला कळायचं कारण नाही.

यंत्र आलं म्हणजे शिकणं आलं, असं होत नाही, हे मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलंय. पेरू देशाने ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ योजनेत लाखो लॅपटॉप वाटले. 2012 मध्ये आलेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांमध्ये सुधारणा दिसली नाही. उलट दिल्लीत शाळा सुटल्यावर ‘माइंडस्पार्क’ हे संगणकावर शिकवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुलांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात साडेचार महिन्यांत गणितात चांगलीच वाढ दिसली. तिथे सातवीतल्या मुलाला चौथीची वजाबाकी येत नसेल तर प्रश्न चौथीपासून सुरू होत होते, आणि सोबत छोट्या गटाला शिकवणारं माणूसही होतं. माझ्या मते खरा फरक तिथेच पडला.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ हा पुरस्कार मिळाला तेव्हा सगळीकडे त्यांनी पुस्तकांना जोडलेल्या क्यूआर कोडचीच चर्चा झाली. मला मात्र त्याआधीची पायरी मोठी वाटते. तिथल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती, पुस्तक त्यांना कळत नव्हतं. हे डिसले यांनी आधी ओळखलं, मजकूर मुलींच्या भाषेत आणला आणि मग कोड जोडले.

तुम्हाला लगेच करता येण्यासारखं सांगायचं तर नेटवर विसंबू नका. फेटची सिम्युलेशन्स एकेक करून डाउनलोड होतात आणि नंतर नेटशिवाय चालतात, ती घरूनच लॅपटॉपवर घेऊन या. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे पाठही आधी उतरवून ठेवता येतात. व्हिडिओ लावलाच तर मध्येच थांबवा, आवाज बंद करा आणि पुढे काय होईल ते मुलांना सांगू द्या. आणि गृहपाठ फोनवर देऊ नका. बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर शेतावर नाहीतर कामावर जातो.

आठवीचा वर्ग तुमच्याकडे असेल तर सुरुवात त्या दोन बल्बांनीच करा. बल्ब टॉर्चचे, जुन्या पद्धतीचे, तारेचे घ्या. एलईडी नकोत, ते उलटे जोडले गेले तर पेटतच नाहीत आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.