बॉल उजवीकडेच का पळतो? गोल्फचे तुमचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दुखण्याची आहेत, बॉल सरळ जात नाही. म्हणून हा महिना सगळा ग्रिप (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात धरायची पकड) आणि स्विंगलाच देतोय. खालची उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचा.

प्रश्न : नमस्कार सर, मी पुण्यात असतो, बँकेतून रिटायर झाल्यावर दीड वर्षापासून गोल्फ खेळतोय. सात नंबरचा आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) बरा लागतो पण ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घेतला की बॉल आधी सरळ निघतो आणि मग उजवीकडे वळून झाडीत जातो. म्हणून आता मी मुद्दाम वीसेक यार्ड डावीकडे तोंड करून उभा राहतो, तर तो अजूनच वळतो. बरोबरचे सगळे म्हणतात तुम्ही डोकं वर उचलता. मी करू काय?

उत्तर : काका, आधी ते डोक्याचं सोडून द्या. डोकं उचललं तर बॉल टॉप होईल, जमिनीलगत सरपटत जाईल, पण असा गोल वळणार नाही. तुमच्या बॉलला जे होतंय त्याला स्लाइस म्हणतात आणि त्याचं कारण क्लबफेसमध्ये, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या चेहऱ्यात, आहे.

पूर्वी शिकवायचे की स्विंगची जी दिशा त्या दिशेला बॉल निघतो आणि मग फेस जिकडे बघतोय तिकडे वळतो. रडारवाली यंत्रं आली, डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारखी, तेव्हा कळलं की हे उलटं आहे. बॉल निघतो तो बऱ्याच अंशी फेस बघतोय त्या दिशेलाच, ड्रायव्हरला तर साधारण ८५ टक्के, आणि वळतो तो फेस आणि स्विंगची वाट यांच्यात जेवढा फरक असेल तेवढा. आता तुमचं बघा, बॉल सरळ निघतो म्हणजे फेस टारगेटकडे आहे आणि उजवीकडे वळतो म्हणजे क्लब बाहेरून आत, डावीकडे कापत येतोय. तुम्ही वीस यार्ड डावीकडे उभे राहिलात की वाट अजून डावीकडे गेली पण फेस हातांच्या सवयीने टारगेटकडेच राहिला, मग फरक वाढला आणि वळण पण वाढलं. सात नंबरला हे कमी दिसतं कारण त्याला लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) जास्त, बॅकस्पिन (बॉलची उलटी फिरकी) जास्त, त्यामुळे तेवढीच चूक त्यात झाकली जाते. चूक तिथेही आहेच.

आणि ही वाट डावीकडे का जाते? तर शरीर शहाणं असतं. ग्रिप अशी पकडलीय की फेस वाटेच्या मानाने उघडाच, म्हणजे उजवीकडे बघत, येतो, हे हातांना दीड वर्षात कळलंय, मग बॉल उजवीकडे जाऊ नये म्हणून खांदे आपोआप डावीकडे ओढतात. म्हणून मी स्विंगला नंतर हात लावतो, आधी ग्रिप.

तुमचा डाव्या हाताचा ग्लोव्ह काढून बघा. करंगळीखालची जी जाड गादी आहे तळहाताची, तिथे घासून काळं पडलंय का, भोक पडायला लागलंय का? असेल तर क्लब तळहातात धरला जातोय आणि प्रत्येक शॉटला तिथे फिरतोय. क्लब बोटांत धरायचा. करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका ठेवा, मग ती गादी वरून दाबून बसवा. बरोबर बसलाय का ते बघायला बाकीची बोटं सोडा आणि फक्त तर्जनीचा आकडा आणि वरची गादी एवढ्यावर क्लब उचला, उचलला गेला पाहिजे. आता वरून खाली बघा, डाव्या मुठीवरची दोन ते अडीच हाडं दिसली पाहिजेत. मला खात्री आहे तुम्हाला आत्ता एकच दिसत असेल. अंगठा दांड्याच्या बरोबर मधोमध नको, किंचित उजवीकडे. मग उजवा हात असा आणा की त्याची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर बसेल, पकड मधल्या दोन बोटांची. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत जो व्ही होतो त्याचं टोक उजव्या खांद्याकडे.

दाब किती? हापूस पिकलाय का बघताना जेवढा देतो तेवढा. जास्त आवळलं की मनगटं लाकूड होतात आणि फेस बंद व्हायला वेळच मिळत नाही, क्लब आणि बॉलची भेट जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची असते, तिथे दुरुस्ती करता येत नाही, जे काय करायचं ते आधीच हातांत असावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, हे नीट लक्षात ठेवा. नव्या ग्रिपने पहिले चाळीस-पन्नास बॉल सरळ डावीकडे जातील. बहुतेक लोक इथेच घाबरतात आणि जुन्या ग्रिपवर परत जातात, आणि मला फार वाईट वाटतं कारण ते अर्ध्या वाटेवरून परतलेले असतात. बॉल न वळता डावीकडे गेला म्हणजे फेस सुधारला, राहिली फक्त वाट. त्यासाठी बॉलच्या पलीकडे चार-पाच इंचांवर बॉलचा रिकामा खोका ठेवा, क्लबचं हेड जमिनीवर टेकेल त्या रेषेच्या जरा मागे, आणि तो न उडवता मारा. वरून खाली येताना उजवा खांदा आधी निघाला तर खोका उडणारच. पार्श्वभाग आधी डावीकडे सरकू दे, हात नुसते खाली पडू देत. अर्ध्या ताकदीने, नऊ नंबरने सुरू करा, ड्रायव्हर दोन आठवडे बॅगेतच राहू दे. आणि उभं सरळ राहा, ते वीस यार्ड डावीकडे बंद.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असतो, मुंबईत क्लब लेव्हलपर्यंत क्रिकेट खेळलोय. ऑफिसचे लोक गोल्फला नेतात. मला वाटलेलं क्रिकेटवाल्याला सोपं जाईल पण बॉल एकदा उजवीकडे लुळा जातो, एकदा डावीकडे तोफेसारखा. नक्की काय चुकतंय?

उत्तर : तुमचं क्रिकेट वाया जाणार नाही, टायमिंग आणि नजर ही तुमची कमाईच आहे. पण दोन गोष्टी लहानपणी कोचने घटवून घेतल्या त्या इथे नडतात.

पहिली, वरचं कोपर. स्ट्रेट ड्राइव्हला डावं कोपर उंच आणि बॅटचा चेहरा बॉलरकडे धरून ठेवायचा, बरोबर? बॅटचं पातं दांड्याच्या सरळ रेषेत असतं, रुंदी १०.८ सेंमीपर्यंत, त्यामुळे ते चालतं. गोल्फ क्लबचं डोकं दांड्याच्या एका बाजूला लोंबतं. मागे नेताना ते उघडतंच, खाली येताना ते परत फिरून बंद व्हायला लागतं, आणि तुम्ही कोपर उंच धरून ते फिरणंच अडवताय. हा झाला उजवीकडचा लुळा बॉल. दुसरी, बॉटम हँड. दोन-तीन बॉल उजवीकडे गेले की तुम्ही चिडून मिडविकेटवर ओढल्यासारखा उजवा हात घालता, ती तोफ.

यावर मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे हात वेगळे करून स्विंग करणं. आठ नंबर घ्या, दोन्ही हातांत चार बोटांचं अंतर ठेवा आणि कमरेपासून कमरेपर्यंत हळू स्विंग करा, आधी बॉलशिवाय. बॉलच्या जागेनंतर उजवा बाहू डाव्याच्या वरून जाताना जाणवेल आणि डावं कोपर खाली, जमिनीकडे बघत दुमडेल. ते जाणवलं की तसेच वीसेक बॉल मारा आणि मग हात जोडून तीच भावना शोधा. शॉट संपल्यावर क्लबचं टोक आकाशाकडे असलं पाहिजे, फेस आकाशाकडे नाही.

प्रश्न : मी नाशिकची, वय ४४. माझे हात लहान आहेत. ओव्हरलॅपिंग ग्रिप शिकवलीय पण क्लब वर गेला की हातात सैल होतो, मग मी घट्ट आवळते आणि डाव्या अंगठ्याला फोड येतो. बॉल कुठे जाईल सांगता येत नाही.

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाहीये, ग्रिप तुमच्या हाताची नाहीये एवढंच. ओव्हरलॅपिंग म्हणजे उजवी करंगळी डाव्या बोटांवर ठेवायची, ती हॅरी वार्डनने जगभर लोकप्रिय केली, सहा वेळा ओपन (ब्रिटिश ओपन) जिंकलेला माणूस, आणि त्याचा पंजा मोठा होता. तेव्हापासून शिकवणारे तिथूनच सुरू करतात, समोरच्याचा हात न बघता. जॅक निकलॉस स्वतःचे हात लहान म्हणून इंटरलॉकिंग धरायचा, म्हणजे उजवी करंगळी आणि डावी तर्जनी एकमेकांत अडकवायची, आणि त्याने १८ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. टायगर वूड्सचीही तीच. आठवडाभर तुम्ही ती करून बघा. फक्त बोटं मुळापर्यंत खुपसू नका, नाहीतर क्लब परत तळहातात जातो. तीही अवघड वाटली तर दहाही बोटं दांड्यावर, क्रिकेटच्या बॅटसारखी पण हात चिकटवून, त्यात कमीपणा अजिबात नाही.

अजून एक, तुमच्या क्लबवरचं रबर कुठल्या साइजचं आहे ते दुकानात विचारा. नवऱ्याचा किंवा कोणाचा जुना सेट असेल तर ते जाड असणार. डाव्या हाताने धरल्यावर मधल्या दोन बोटांची टोकं तळहाताला जेमतेम टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर बारीक रबर बसवून घ्या. ग्लोव्हही असा घ्या की तळव्यावर चुणी पडणार नाही, तुमचा फोड बहुधा त्या चुणीनेच येतोय.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. सगळ्यांना स्लाइस येते, मला उलट, हूक, म्हणजे बॉल डावीकडे वळतो. लांब जातो पण डावीकडे बाउंड्रीबाहेर. व्हिडिओ बघून ग्रिप स्ट्राँग केली होती, म्हणजे हात दांड्यावर उजवीकडे फिरवले होते.

उत्तर : मित्रा, तो व्हिडिओ स्लाइसवाल्यांसाठी होता. मुठीवरची तीन-चार हाडं दिसत असणार तुला, आणि उजवा हात दांड्याच्या खाली गेलेला असणार. असा हात बॉलपाशी येताना नैसर्गिक स्थितीला परततो आणि फेस बंद करतो. दोन्ही हात मिळून थोडे डावीकडे फिरव, एकदम नाही, एका हाडाएवढंच, आणि आठवडाभर तिथेच थांब. फेस ५ अंश चुकला तर २०० यार्डांवर बॉल साडेसतरा यार्ड बाजूला जातो, तेही वळणाचा हिशोब न धरता, म्हणजे केवढ्याशा बदलाने किती फरक पडतो बघ. बेन होगनने कितीतरी वर्षं हूकशी झुंज दिली, ग्रिप वीक केली (हात डावीकडे फिरवले), आणि मग १९५३ मध्ये मास्टर्स, यूएस ओपन आणि ओपन तिन्ही जिंकल्या. हूक येतो म्हणजे क्लबहेडला वेग आहे आणि हात फिरतायत, स्लाइसवाल्याला हेच मिळवायला महिने लागतात. बॉल डाव्या टाचेच्या फार पुढे ठेवू नकोस आणि छाती बॉलनंतरही फिरत राहू दे, ती थांबली की हात एकटेच उलटतात.

प्रश्न : पावसाळ्यात क्लबच्या रबरी ग्रिपवरून माझा हात घसरतो आणि सगळे शॉट बिघडतात. टॅकीफायर (चिकटपणा आणणारा) स्प्रे वगैरे घ्यावा का?

उत्तर : आधी ग्रिप धुवा. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश, नीट घासून फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. हाताचा घाम, सनस्क्रीन आणि माती मिळून त्यावर थर चढतो आणि तो ओला झाला की निसरडा होतो. धुऊनही रबर चकचकीत आणि कडक वाटलं, अंगठ्याच्या जागी खळगा दिसला तर बदलूनच टाका. पावसात खेळायचंच तर बॅगेत छत्रीच्या आतल्या काडीला एक कोरडा टॉवेल अडकवून ठेवा आणि प्रत्येक शॉटआधी दांडा पुसा. ओल्यात चामड्याचा ग्लोव्ह काढून ठेवा, त्यापेक्षा रेन ग्लोव्ह घ्या, ते दोन्ही हातांत घालायचे असतात आणि भिजल्यावर उलट जास्त पकडतात.