वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : वीज वापराची माहिती कुणाची आणि कुठपर्यंत?

प्रश्न : मी मिहानमधल्या एका कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे, म्हणजे सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं ते डेव्हलपरना लिहून देतो. आजवर बँकिंगची कामं केली. आता ऑस्ट्रेलियातल्या एका वीज विक्रेत्याच्या प्रोजेक्टवर घेतलंय. ग्राहकाच्या संमतीने त्याची माहिती दुसऱ्या कंपनीला द्यायची व्यवस्था उभी करायची आहे. टीममधले म्हणतात, ‘बँकेसारखंच आहे.’ तसं धरून चालावं का?
(त्रिमूर्तीनगर, नागपूर)

उत्तर : संमतीपुरतं धरा, त्यापुढे नको. ऑस्ट्रेलियाचा ग्राहक माहिती हक्काचा कायदा २०१९चा. बँकांनी जुलै २०२० पासून माहिती द्यायला सुरुवात केली. वीज क्षेत्राची पाळी नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि पहिला मान तीन मोठ्या विक्रेत्यांना मिळाला. ग्राहक मान्यताप्राप्त कंपनीच्या अ‍ॅपवर संमती देतो, तिथून विक्रेत्याच्या पानावर जातो, ओटीपी टाकतो आणि कोणतं खातं द्यायचं ते निवडतो. पासवर्ड कुठेही मागायचा नाही. एवढं सगळं तुमच्या ओळखीचं आहे.

फरक मीटरपाशी सुरू होतो. बँकेत खातं आणि व्यवहार दोन्ही बँकेकडेच असतात. विजेच्या बाबतीत ग्राहकाचं नाव, प्लॅन आणि बिलं विक्रेत्याकडे असतात. मीटरचा तपशील, वापराची रीडिंग आणि छतावरच्या सोलरची नोंद एईएमओ या बाजार-संचालक संस्थेकडे असते. या संस्थेला ग्राहकाचं नाव माहीत नसतं. तिला फक्त एनएमआय, म्हणजे जोडणीचा राष्ट्रीय क्रमांक कळतो. ‘या माणसाला या जोडणीची या तारखेपासून या तारखेपर्यंतची माहिती मिळावी’ हे ठरवणं विक्रेत्याकडे येतं, म्हणजेच तुमच्या लिखाणावर येतं.

म्हणून पहिला कागद स्क्रीनचा नको. एक तक्ता करा. प्रत्येक फील्डसमोर, म्हणजे माहितीच्या प्रत्येक बाबीसमोर, तीन गोष्टी लिहा : ते कुठल्या सिस्टीममधून येतं, कुणाच्या परवानगीने जातं, आणि तिकडून उत्तर आलंच नाही तर काय परत द्यायचं. तिसऱ्या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. एईएमओकडून एरर आली आणि तुमच्या सिस्टीमने रिकामी यादी पाठवली, तर समोरच्या अ‍ॅपला वाटतं की ग्राहकाने वीज वापरलीच नाही, आणि त्या शून्यावर ते अ‍ॅप त्याला स्वस्त प्लॅन सुचवून मोकळं होतं. एरर ही एरर म्हणूनच पुढे गेली पाहिजे.

मग ओळख पुसलेली बारा-पंधरा खाती निवडा : दोन घरं असलेला ग्राहक, सोलरवाला, मधेच मीटर बदललेला, बंद खातं, तीन महिन्यांनी हाताने वाचलं जाणारं जुनं मीटर. प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर स्वतः हाताने लिहून काढा. अर्ध्याअधिक शंका इथेच वर येतात.

प्रश्न : मी आवश्यकता लिहिली : ‘ग्राहकाला मागील दोन वर्षांची वापराची माहिती द्यावी.’ डेव्हलपरने ती तीनदा परत केली. यात राहिलं तरी काय?
(धरमपेठ, नागपूर)

उत्तर : डेव्हलपर बरोबर आहे. या एका ओळीत ‘ग्राहक’, ‘दोन वर्षं’ आणि ‘वापर’ हे तिन्ही शब्द मोकळे सुटलेत.

आधी ग्राहक. समजा, एका घरात ‘अ’ हा भाडेकरू १४ मार्च २०२५ पर्यंत राहिला आणि १५ मार्चपासून ‘ब’ आला. एनएमआय तोच, मीटर तेच. ‘ब’ने मे २०२५ मध्ये दोन वर्षांची माहिती मागितली. आवश्यकता अशी लिहा : ‘खातं १५ मार्च २०२५ ला सुरू झालेलं असताना, ग्राहकाने मे २०२३ पासूनची माहिती मागितली, तर उत्तरात १५ मार्च २०२५ च्या आधीचं एकही रीडिंग नसावं, आणि आधीचं रीडिंग अस्तित्वात आहे असा इशाराही नसावा.’ शेवटचा तुकडा बहुतेक जण विसरतात. एकूण नोंदींची किंवा पानांची संख्या जुन्या भाडेकरूसकट मोजली गेली, तर ती गोष्ट उघडी पडतेच. ‘अ’ आता दुसऱ्या घरात त्याच विक्रेत्याचा ग्राहक असेल, तर त्याला जुन्या घराची माहिती मिळेल का? हा वेगळा नियम आहे, त्याची टेस्ट वेगळी लिहा.

आता दोन वर्षं. तिथल्या बाजाराचा हिशोब १ ऑक्टोबर २०२१ पासून पाच-पाच मिनिटांवर होतो. पाच मिनिटांचं मीटर दिवसाला २८८ आकडे देतं. दोन वर्षांचे २,१०,२४०. सोलर असेल तर दुप्पट. पण सगळी मीटर पाच मिनिटांची नाहीत. काही अर्ध्या तासाची आहेत, काही नुसती एकत्रित रीडिंग देतात. त्यामुळे दिवसाला किती आकडे येतील हे कोडमध्ये गृहीत धरू नका. प्रत्येक रीडिंगसोबत येणारी वेळेच्या अंतराची लांबी वाचायची, असं स्पष्ट लिहा.

वेळेचा घोळ याहून वाईट, कारण तो लवकर दिसत नाही. तिथल्या मीटरची माहिती वर्षभर पूर्व ऑस्ट्रेलियाच्या प्रमाण वेळेत असते. उन्हाळ्यात सिडनी-मेलबर्नची घड्याळं एक तास पुढे जातात, मीटरची फाईल जात नाही. प्लॅनमधला महागड्या दराच्या वेळेचा पट्टा स्थानिक दुपारी ३ ला सुरू होत असेल, तर फाईलमध्ये तो १४:०० ला सापडेल. हा एक तास चुकला की महिन्याची बेरीज अगदी बरोबर येते, पट्ट्यांची वाटणी तेवढी चुकते. बेरीज जुळली म्हणून टेस्ट पास करू नका. शिवाय नागपुरात बसून फाईल उघडणाऱ्या टेस्टरच्या लॅपटॉपने वेळ भारतीय करून दाखवली, तर तिथली मध्यरात्र इथे आदल्या दिवशीची संध्याकाळची साडेसात होते आणि दिवसाचे तुकडे पडतात. त्यामुळे टेस्टमधली प्रत्येक वेळ टाइमझोनसकट लिहा. ‘००:३०’ म्हणजे त्या वेळेच्या अंतराची सुरुवात की शेवट, हेही एकदा लिहून टाका.

राहिला वापर. प्रत्येक आकडा मीटरने मोजलेला नसतो. संपर्क तुटला तर अंदाजे आकडा भरला जातो आणि त्याच्या दर्जाची खूण वेगळी असते. पुढे खरं रीडिंग मिळालं की आकडा बदलतो. बाजाराच्या हिशोबाच्या फेरतपासण्याही २० आणि ३० आठवड्यांनी होतात. ग्राहकाने जानेवारीत पाहिलेला डिसेंबर आणि जूनमध्ये पाहिलेला तोच डिसेंबर वेगळा असू शकतो. बदल कसा दाखवायचा, जुना आकडा ठेवायचा की नाही, हे बिझनेसकडून आधी ठरवून घ्या. नाहीतर तक्रार आल्यावर सपोर्टचा माणूस ते ठरवतो.

प्रश्न : सोलर असलेल्या ग्राहकांचे आलेख उलटे दिसतात : दुपारी वापर सर्वांत जास्त, आणि ‘एक्सपोर्ट’ रात्री सर्वांत जास्त. मॅपिंगमध्ये (फाईलमधला कोणता आकडा अ‍ॅपमध्ये कुठे जायचा त्या तक्त्यात) ‘ई१’ला एक्सपोर्ट धरलंय. चूक कुठे?
(छत्रपतीनगर, नागपूर)

उत्तर : चूक तिथेच आहे. ऑस्ट्रेलियन मीटर-फाईलमध्ये दिशा ग्रिडच्या बाजूने मोजतात. ‘ई१’ म्हणजे ग्रिडकडून ग्राहकाकडे गेलेली वीज, म्हणजे वापर. ‘बी१’ म्हणजे छतावरून ग्रिडला आलेली. आपल्याकडे नेट मीटरच्या बिलावर इम्पोर्ट म्हणजे ग्राहकाने घेतलेली आणि एक्सपोर्ट म्हणजे त्याने दिलेली. इथली सवय तिथे नेली की आलेख उलटतो. मॅपिंगच्या कागदावर ‘इम्पोर्ट-एक्सपोर्ट’ हे शब्दच ठेवू नका. ‘ग्राहकाकडे गेलेली’ आणि ‘ग्राहकाकडून आलेली’ असं लिहा.

झटपट तपासणी अशी : रात्री दोनला ‘बी१’ शून्य असायला हवं. नसेल तर चॅनेल उलटे लागलेत किंवा घरात बॅटरी आहे. आणखी एक गोष्ट अ‍ॅपच्या मजकुरात यायलाच हवी. सोलरची जी वीज घरातच वापरली गेली, ती मीटरला दिसतच नाही. इन्व्हर्टरने १८ युनिट बनवले, ११ ग्रिडला गेले, ६ ग्रिडकडून घेतले, तर घराचा खरा वापर १८ – ११ + ६ = १३ युनिट. नुसत्या मीटरवरून अ‍ॅप ६ सांगेल. त्याला ‘घराचा एकूण वापर’ म्हणणं खोटं आहे, ‘ग्रिडकडून घेतलेली वीज’ म्हणा.

प्रश्न : आमच्याकडे नवा टीओडी (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारा) मीटर बसला. आपल्याकडेही अशी माहिती दुसऱ्या कंपनीला देता येईल का? त्यात आमच्यासारख्यांना काय काम असेल?
(महाल, नागपूर)

उत्तर : ऑस्ट्रेलियासारखा वीज क्षेत्राचा वेगळा हक्क आपल्याकडे आज नाही, पण पाया हळूहळू पडतोय. वीज ग्राहक हक्क नियम २०२० नुसार स्मार्ट मीटर दुरून वाचायचा आणि वापराची माहिती ग्राहकाला संकेतस्थळ, अ‍ॅप किंवा एसएमएसने द्यायची. जून २०२३ च्या दुरुस्तीने तो दिवसातून किमान एकदा वाचायचं ठरलं आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे दर आले. त्याच वर्षी वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘इंडिया एनर्जी स्टॅक’साठी, म्हणजे वीज क्षेत्राच्या सामायिक डिजिटल पायासाठी, कार्यदल नेमलं. संमतीने माहिती फिरवण्याची पद्धत वित्त क्षेत्रात आधीपासून आहे. त्यासाठीचे रिझर्व्ह बँकेचे अकाउंट अ‍ॅग्रिगेटरचे निर्देश पहिल्यांदा २०१६ मध्ये आले.

काम भरपूर असेल, आणि ते तंत्रज्ञानापेक्षा माणसांचं असेल. महाल-इतवारीतल्या किती वाड्यांमध्ये बिल आजही वारलेल्या आजोबांच्या नावावर येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. संमती कुणाची घ्यायची? नोंदवलेला मोबाईल घर सोडून गेलेल्या भाडेकरूचा किंवा वायरमनचा असेल, तर ओटीपी त्याच्याकडे जाईल. बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट छापील बिलावर उघडे असतात, आणि ते बिल जिन्यात पडलेलं असतं. म्हणून ग्राहक क्रमांकाने जोडणी ओळखता येईल, माणूस नाही. आधी नाव आणि मोबाईल दुरुस्त करायची वाट, मगच संमती, हा क्रम कुणी घाईत उलटू देऊ नये. अर्ध्या-अर्ध्या तासाची रीडिंग हाती आली, तर दिवाळीला घर कधीपासून कधीपर्यंत बंद होतं ते कुणालाही कळतं. ही माहिती चुकीच्या हाती जाणं म्हणजे घराच्या किल्ल्या जाण्यासारखंच आहे.

नागपूरचा एक जास्तीचा पेच : २०११ ते २०१९ या काळात शहराच्या काही विभागांत वीज वितरण फ्रँचायझीकडे होतं, नंतर ते महावितरणकडे परत आलं. जुनी माहिती मागणारा कुणी असेल, तर त्या वर्षांची माहिती कोण देणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा.

प्रश्न : या कामासाठी कोणता कोर्स करावा?
(हिंगणा रोड, नागपूर)

उत्तर : कोर्सच्या आधी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि जेसन (सिस्टीम एकमेकींना माहिती पाठवतात ती मांडणी) वाचायला शिका. ऑस्ट्रेलियाची माहिती-मानकं सगळ्यांना वाचायला खुली आहेत, त्यातला वीज विभाग दोनदा वाचा. मग अर्ध्या तासाच्या रीडिंगची एक महिन्याची नमुना फाईल घ्या. ३१ दिवसांचे १,४८८ आकडे व्हायला हवेत. त्यांची बेरीज करा आणि महिन्याच्या शेवटच्या व पहिल्या रीडिंगच्या फरकाशी ताडून बघा. सीटी मीटर (मोठ्या जोडणीचा प्रवाह ठरावीक पटीने कमी करून मोजणारं) असेल तर फरकाला गुणक लावायला विसरू नका. आकडे कमी भरले तर कोणत्या वेळा गायब आहेत ते शोधा, आणि वीज गेली होती म्हणून आलेलं शून्य व रीडिंगच न आल्याने राहिलेली रिकामी जागा वेगळी करा. संख्या पूर्ण असून बेरीज चुकली, तर मधे मीटर बदलून नवं रीडिंग शून्यापासून सुरू झालं का ते पाहा. मुलाखतीला जाताना ही शीट सोबत न्या.