वर्षाचा एक नंबर कलाकार कोण? तीन याद्यांमध्ये तीन वेगळी नावं, मग खरी यादी कोणती?

तुम्ही विचारलंय की २०२० साली बिलबोर्डच्या (अमेरिकेतलं संगीताचं मासिक) यादीत पोस्ट मलोन पहिला, स्पॉटिफायवर (गाणी ऐकायचं ॲप) बॅड बनी पहिला आणि आयएफपीआयनं (रेकॉर्ड कंपन्यांची जागतिक संघटना) बीटीएसला पहिलं ठरवलं, तर यातली खरी यादी कोणती. तिन्ही खऱ्या. बिलबोर्डची ही यादी फक्त अमेरिकेचं बघते, स्पॉटिफाय फक्त स्वतःच्या दुकानातलं मोजतं आणि आयएफपीआय जगभरचं स्ट्रीमिंग, डाउनलोड, सीडी, रेकॉर्ड सगळं एकत्र धरतं. संपलं उत्तर. पण हा प्रश्न बघून मला राहवलं नाही, कारण याच विषयावर मी आणि माझा थोरला भाऊ १९७७ पासून भांडतोय आणि आता दोघांचेही गुडघे गेलेत तरी निकाल लागलेला नाही.

आम्ही इंदूरचे, रामबागेत वाडा होता. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, म्हणजे हिंदी सिनेगाण्यांना नंबर देणारा कार्यक्रम (पुढे तिची सिबाका झाली), शॉर्टवेव्हची ती खरखर, आणि अमीन सायानींचं ‘बहनों और भाइयों’. ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही. सोळा पायदान, म्हणजे नंबरांच्या पायऱ्या, असायचे. मी दोनशे पानी वही केली होती, गणिताची म्हणून आईकडून पैसे घेऊन, आणि दर बुधवारी सोळाही गाणी त्यात उतरवायचो.

आता मुद्दा असा की गीतमाला गाण्यांना नंबर द्यायची, गायकांना नाही. वर्षाच्या शेवटी वार्षिक कार्यक्रम व्हायचा त्यातही गाणीच. मग वर्षाचा एक नंबर गायक कोण, हे आम्हालाच ठरवायला लागायचं आणि तिथेच सगळी बोंब. दादा किशोरवाला. खंडव्याचा, वर आमच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेला, त्यामुळे दादाला तो घरचाच वाटायचा. मी लताबाईंचा. त्यांचा तर जन्मच इंदूरचा, सिख मोहल्ल्यातला, मग घरचं कोण ते तुम्हीच सांगा.

दादाचा नियम सोपा होता, वर्षाच्या यादीत ज्याचं गाणं पहिलं तो त्या वर्षाचा राजा. माझा नियम वेगळा. पहिल्या पायदानला १६ गुण, दुसऱ्याला १५, असं करत शेवटच्याला १, आणि वर्षभराची टोटल. म्हणजे एखाद्याची आठ गाणी वर्षभर मधल्या पायदानांवर फिरत राहिली तर त्याचा मान राहतो, नुसत्या एका गाण्यानं कुणी राजा होत नाही. दादा म्हणायचा ही वाण्याची वही आहे, संगीत नाही.

१९७७ ला वार्षिक पहिलं आलं ‘हुस्न हाजिर है’, लताबाईंचं. म्हणजे दादाच्याच नियमानं मी जिंकलो, पण मी काही बोललो नाही कारण मला माझी टोटल हवी होती. १९७८ ला पहिलं आलं ‘अंखियों के झरोखों से’, हेमलताचं. गाणं सुंदर, तक्रार नाही, पण दादाच्या नियमानं त्या वर्षी लता, किशोर, रफी, आशा सगळ्यांच्या डोक्यावर हेमलता! मी वही घेऊन त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, बोल आता. तर तो म्हणे, या वर्षी अपवाद. बरं. १९७९ ला ‘खईके पान बनारसवाला’ पहिलं आलं आणि अपवाद लगेच संपला, नियम परत चालू, किशोर राजा, गल्लीत पेढे वाटायचे फक्त बाकी होते. मी तेव्हा जो चिडलो तो राग अजून पूर्ण उतरलेला नाही.

द्वंद्वगीतांचं भांडण तर निराळंच. मी दोघांना निम्मेनिम्मे गुण द्यायचो. दादाचं म्हणणं, लता-किशोरच्या गाण्यात मुखडा किशोरनं उचलला असेल तर किशोरला पूर्ण गुण. हसू नका, आजही हेच चालतं. बिलबोर्डच्या हॉट १०० मध्ये (दर आठवड्याची शंभर गाण्यांची यादी) ड्रेक या रॅपरच्या नावावर ३०० च्या वर गाणी आहेत, पण त्यात दुसऱ्याच्या गाण्यात पाहुणा म्हणून येऊन चार ओळी म्हटल्या तीही धरलेली. तिथे दादासारखीच मंडळी बसलीत.

आणि आता माझा अभिमानाचा भाग. खूप वर्षांनी, इंटरनेट आल्यावर मला कळलं की बिलबोर्डवाले वार्षिक यादी बरीच वर्षं कशी करायचे. शंभराव्या नंबरच्या गाण्याला १ गुण, पहिल्याला १००, आणि वर्षभराची बेरीज. म्हणजे माझीच वही, फक्त सोळाच्या जागी शंभर! नववीतल्या पोरानं रामबागेत कंदिलाच्या उजेडात (लाइट जायची हो तेव्हा) जे डोक्यानं काढलं तेच ते न्यूयॉर्कात बसून करत होते. मी दादाला फोन लावून वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग तेही वाणीच.

खरं सांगायचं तर पुढे त्यांनीही ती पद्धत सोडली. १९९१ साली साउंडस्कॅन आलं, दुकानात बारकोडवरून किती माल विकला ते थेट मोजायला लागले. त्याआधी दुकानवाले सांगतील तो आकडा, आणि ते आपल्या आवडीचंच सांगणार. खरी विक्री मोजल्यावर कंट्री आणि रॅपवाले एकदम वर आले, ते आधीही विकत होते, मोजत कोणी नव्हतं. गीतमालेतही रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पत्रं यांवरच नंबर लागायचे, आणि आमच्या गल्लीतला श्रोता संघ म्हणजे दादा, त्याचे दोन मित्र आणि नऊ काल्पनिक सभासद. एकाच हाताचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मलाही पोस्टकार्डं लिहायला बसवायचे, किशोरच्या गाण्यांची, एका कार्डाला सराफ्यातली एक कचोरी या भावानं. मी लिहिली. कचोरी होती भिया.

तुमच्या प्रश्नात राहिलेलं एक. वर्ष कुठून कुठे धरतात तेही बघा. स्पॉटिफायची यादी नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला येते म्हणजे वर्ष संपायच्या आधीच, आणि बिलबोर्डचं वर्षही ऑक्टोबर-नोव्हेंबरातच संपतं, त्यामुळे त्या सुमारास यादीत असलेल्या गाण्याचे गुण दोन वर्षांत विभागले जातात. शिवाय बिलबोर्ड पैसे भरून ऐकलेलं गाणं फुकट ऐकलेल्यापेक्षा जास्त धरतं. माझं स्पष्ट मत, टोटलवाली यादी बघा, नुसता पहिला नंबर बघू नका. पहिला नंबर म्हणजे लॉटरी.

माझी वही विचाराल तर ती १९८३ च्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली, त्यामुळे १९७८ चा माझा निकाल पुराव्यानिशी देता येत नाही. आणि कबूल करतो, त्या वर्षी तीन बुधवार परीक्षेमुळे चुकले होते ते मी अंदाजानं भरले होते. अंदाज कुणाच्या बाजूनं होता ते समजून घ्या. गाणं सरताज होऊन (बरेच आठवडे टिकलेल्या गाण्याला हा मान देऊन निरोप द्यायचे) यादीतून बाहेर गेल्यावरही मी लताबाईंच्या गाण्यांना काही आठवडे गुण देत होतो, तेही आहे.

दादा आता सुदामा नगरात राहतो. मागच्या डिसेंबरात त्यानं त्याच्या स्पॉटिफायचा वर्षाचा निकाल मला पाठवला. एक नंबरला बालगीतांचं कुठलंतरी चॅनेल, कारण नात जेवताना त्याचाच फोन घेते. मी लगेच फोन केला, म्हटलं दादा, तुझ्या नियमानं हाच तुझा यंदाचा राजा. तो उखडला, म्हणाला असं एकावरून ठरत नसतं, वर्षभराची बेरीज करून बघ, किशोरच येईल.

बेरीज म्हणाला. मी बायकोला बोलावून स्पीकरवर परत म्हणायला लावलं, तर फोन ठेवून दिला.